बसायला शिकवणारे मास्तर

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की एखाद्या सकाळी आमच्या नागपुरात एकदम थंडी शिरते आणि चौकाचौकांत संत्र्यांच्या हातगाड्या लागतात. लोकांना तेव्हा पेटीतले स्वेटर आठवतात, रजया आठवतात. मला फक्की आठवते. मैदानावर रेषा मारायची ती पांढरी पूड. तिनं बोटं कोरडी पडायची आणि जेवताना वरणालाही तिचा वास यायचा. परवा भाजी घेऊन येताना मोहल्ल्यातल्या मैदानावर दोन मुली वाकून फक्की मारताना दिसल्या. रेघ चांगलीच वाकडी चालली होती. मी पिशवी धरून थोडा वेळ पाहत राहिले, मग घरी येऊन मेथी निवडायला बसले.

मास्तर गेले त्याला आता बरेच हिवाळे झाले. ते गेले तेव्हा मी रडले नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण अशा आठवणी लिहिणारी माणसं पहिल्या ओळीपासून डोळे पुसायला लागतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, बाईचा केवढा जीव होता. जीव होताच. पण शेवटच्या दिवाळीनंतर मास्तरांनी मला तीन वेळा बोलावणं पाठवलं, आणि तिन्ही वेळा मी गेले नाही. ते कशासाठी बोलावताहेत हे मला पक्कं ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते. मग ते वारले, आणि मला काही वाटेनासंच झालं. चहाची चव नाही, थंडी नाही, काही नाही. त्या बधिरपणाची मला लाज वाटायची, आणि तीही वरवरच.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शिंपी. आमच्याकडे शिंप्याला मास्टर म्हणतात, त्याचं आम्ही मुलींनी मास्तर करून टाकलं. बाहेरगावी सामन्याला गेलो की तिथले खेळाचे शिक्षक अदबीनं विचारायचे, आपण कोणत्या शाळेवर? मास्तर तितक्याच अदबीनं सांगायचे, कडुनिंबाच्या. आणि ते खोटं नव्हतं. मैदानाच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली त्यांचं टिनाचं शेड होतं. त्यात पायानं चालवायचं मशीन, कापडाच्या चिंध्यांचं बोचकं आणि गळ्यात कायम टेप. शिक्षण चौथी. पत्रावर कोणी ‘आदरणीय शिक्षक’ लिहिलं की ते पत्र दोन दिवस मशीनच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलेलं असायचं.

साठच्या दशकातली गोष्ट. मैदान मुलांचं होतं. मुलं कबड्डी खेळायची आणि आम्ही भावांच्या फाटक्या चड्ड्या घेऊन मास्तरांच्या शेडपाशी उभ्या. चड्डी शिवून होईस्तोवर खेळ पाहायचा, एवढाच आमचा मैदानाशी संबंध. एक दिवस मास्तरांनी दातानं दोरा तोडला आणि विचारलं, “नुसत्या पाहून काहून राहिल्या वं? तुमाले पाय नाहीत काय?” आम्ही फिदीफिदी हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडमागची जागा मोकळी केली, दगडगोटे वेचले, दोन टोकांना दोन खांब रोवले.

मोहल्ला मिश्र होता. मागावर विणणारे, गिरणीत जाणारे, दीक्षा घेतलेली आमच्यासारखी घरं, दोन-चार कारकून. भांडायला सगळ्यांना एकच नळ. मुलींनी मैदानावर धावायचं म्हटल्यावर सगळ्या घरांचं एकमत झालं, जे एरवी होत नसे. आमच्या बाबांचं म्हणणं, शिक म्हणतो ते पुस्तक शिक, धावणं कायले पाहिजे? मास्तर कोणाशी वाद घालायला गेले नाहीत. त्यांनी एक पोशाख शिवला. ढगळ सलवार, घोट्यापाशी घट्ट. वर लांब बाह्यांचा सदरा. मापं काकूंनी घ्यायची, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, आणि मास्तरांनी भिंतीकडे तोंड करून वहीत लिहायची. आमच्या आईनं तो पोशाख उलटा-सुलटा करून पाहिला, शिवण ओढून पाहिली, आणि म्हणाली, हे तर लुगड्याहून जास्त झाकते. झालं, मी खेळाडू झाले.

खेळाडू कसली! पहिला महिनाभर मास्तरांनी आम्हाला नुसतं बसवून ठेवलं. खो-खोत एकजण पळणाऱ्यांच्या मागे लागते आणि बाकी आठजणी रांगेत बसलेल्या असतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. मागून पाठीवर हात पडला आणि ‘खो’ ऐकू आला की मगच उठायचं. लोकांना वाटतं हा धावायचा खेळ. मास्तर म्हणायचे, “पळणं तं कुत्र्यालेही येते. बसून दाखव.” उकिडवं बसायचं, एक पाय मागे, टाच उचललेली, बोटं जमिनीला टेकलेली. पाच मिनिटांत पायाला मुंग्या. दहा मिनिटांत पाय आपला आहे की शेजारणीचा तेही कळत नाही. मास्तर मागून फिरायचे, हातात शिंप्याचा लाकडी गज. मुलींच्या अंगाला ते हात लावत नसत. पाठीवर गजाचं टोक टेकायचं आणि हळू आवाजात ‘खो’. उठताना जी धडपडली तिला पुन्हा बसणं. जिचा पाय बधिर झाला तिला ते रागवायचे नाहीत, एवढंच विचारायचे, पाय मेला तवा तू कुठी होती? बसलेल्या माणसानं आपल्या पायाची विचारपूस करत राहावी, असं त्यांचं म्हणणं.

सकाळची थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघायची. जमिनीला टेकलेली बोटं गारठून लाल व्हायची. साडेसात-आठला ऊन कडुनिंबाच्या शेंड्यावरून खाली उतरून खांबापाशी यायचं तेव्हा आम्ही त्याच्याकडे हावरटासारख्या पाहायचो. खेळ संपला की काकू पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणायच्या, मीठ घातलेल्या. कोणाच्या घरचं संत्र्याचं टोपलं आलेलं असायचं. साली मैदानावर टाकायच्या नाहीत हा नियम, म्हणून आम्ही त्या सलवारीच्या खिशात भरायचो आणि मग वर्गात दिवसभर खिशाला वास. मास्तरांनी खास आमच्यासाठी खिसे ठेवले होते त्या सलवारींना. त्या काळात मुलीच्या कपड्याला खिसा म्हणजे केवढी चैन, ते आजच्या मुलींना नाही कळायचं.

आणि मास्तरांचा खोकला. बारा महिने कापडाच्या धुळीत बसलेला माणूस, थंडीत तर छातीतून भाता चालल्यासारखा आवाज यायचा. आता खोकणारा माणूस खो-खो असंच खोकणार ना! नवीन आलेल्या मुली बसलेल्या जागेवरून ताडकन उठायच्या आणि आम्ही जुन्या पोट धरून हसायचो. शांता नावाची एक बारकी मुलगी एकाच सकाळी चार वेळा उठली. पाचव्या वेळी खरा खो आला तर बसूनच राहिली. मास्तर खोकता खोकता हसत होते आणि हसता हसता खोकत होते. मग म्हणाले, कान पण बसवावे लागतात वं पोट्ट्यांनो. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, सुमनचे पाहा, तिले खोकला अन् खो वेगळा समजते. मी फुगून गेले होते.

ते बोलणं पुढे मलाच नडलं. उमरेडला सामने होते, आमचा संघ अंतिम सामन्यात होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या मुलाचं, प्रभाकरचं लग्न होतं दुर्गला. प्रभाकर भिलाईला कारखान्यात लागला होता. एकुलता एक. काकू आणि नातेवाईक दोन दिवस आधीच पुढे गेले. मास्तर म्हणाले, दुपारी सामना संपते, पाचची एसटी, नागपूरहून रात्रीची गाडी, सकाळी मांडवात. सगळं बरोबर बसत होतं. नवा सदरा त्यांनी स्वतः शिवला होता आणि तो पिशवीत घडी करून सामन्यालाच आणला होता.

शेवटच्या डावातलं शेवटचं मिनिट. आम्हाला एक गडी बाद करायचा होता, की सामना आमचा. मी पाचव्या जागी बसले होते. पळणारी माझ्या अगदी समोरून गेली, शांता माझ्या मागून येत होती, लोक ओरडत होते. पाठीमागून ‘खो’ आला आणि मी उठले. पंचांची शिटी वाजली. पाठीवर हात पडलाच नव्हता. रेषेबाहेर मास्तर उभे होते आणि ते खोकले होते. पळणारी निसटली, वेळ संपला, सामना बरोबरीत. मग जादा डाव. जादा डावभर मास्तर टॉवेलचा बोळा तोंडात कोंबून उभे होते, डोळे लाल, मान थरथरत होती, पण खोकले नाहीत. आम्ही जिंकलो. बक्षीस समारंभाला पाहुणे उशिरा आले, पाचची एसटी गेली, सहाचीही गेली. आम्ही नागपूर स्टेशनवर पोहोचलो तेव्हा दुर्गची गाडी निघून अर्धा तास झाला होता.

मी रडत होते, तेव्हा यायचं मला रडू. म्हटलं, मास्तर, माझ्यामुळे. ते म्हणाले, “खोकला माझा होता वं. तुह्या कानाचा काय दोष?” मग हातातली बक्षिसाची ढाल त्यांनी शांताला दिली, आम्हाला घरी जायला सांगितलं आणि पुढच्या गाडीची वाट पाहत नवा सदरा मांडीवर घेऊन बाकावर बसले. दुर्गला पोहोचले तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती. प्रभाकर बापाशी एकच वाक्य बोलला, हे काकूंनीच पुढे कधीतरी आमच्या आईला सांगितलं. म्हणाला, तुमचं लेकरू तं उमरेडले आहे. त्यानंतर मास्तर असेपर्यंत तो नागपूरला आला नाही. पत्रं यायची ती काकूंच्या नावानं, बापाचा त्यात शब्द नसायचा.

त्या ढालीबरोबर मिळालेल्या प्रशस्तिपत्रावर मला नोकरी लागली. खेळाडू म्हणून टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. अर्ज मास्तरांनी शेजारच्या कारकुनाकडून टाइप करून आणला, मुलाखतीला माझ्याबरोबर आले आणि बाहेर बाकावर चार तास बसून राहिले. आत साहेबांनी विचारलं, खेळात तुम्ही नेमकं काय करता? मी म्हटलं, बसते आणि ऐकते. ते हसले. म्हणाले, इथंही तेच काम आहे. हे बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मास्तर इतके खूश झाले की त्यांनी सीताबर्डीवर मला तर्री-पोहे खाऊ घातले, स्वतः नुसता चहा प्यायले. काकूंनी ती बातमी भिलाईच्या पत्रातही कळवली.

ज्या दिवशी रुजू झाले त्या दिवशी एकच मागणं केलं त्यांनी. संध्याकाळी मैदानावर येत जा, नव्या पोट्ट्यांना बसायले शिकव. मी हो म्हटलं. वर्षभर गेलेही. मग शिफ्ट ड्यूटी, लग्न, मुलगी, मुलीचं आजारपण. एक संध्याकाळ चुकली, मग आठवडा चुकला. मग चुकवलेलं इतकं साठलं की तोंड दाखवायची चोरी. मैदानाजवळचा रस्ता सोडून मी लांबून जाऊ लागले. मास्तर कधी भेटले तर एवढंच विचारत, “बसणं जमून राहिलं ना ऑफिसात?” त्याचा मला फार राग यायचा. टोमणा मारतात असं वाटायचं.

शेवटच्या दिवाळीनंतर पहिलं बोलावणं शांतानं आणलं. ती आता शिकवणारी झाली होती. म्हणाली, ताई, मास्तरांची तब्येत बरी नाही, तुमाले बोलावून राहिले. मी मनात म्हटलं, झालं, आता मैदान माझ्या गळ्यात बांधणार. दुसरं बोलावणं माझ्या भावाकडून आलं. तिसऱ्या वेळी काकूच भेटल्या, बाजारात, वांग्याच्या ढिगापाशी. म्हणाल्या, येऊन जाय वं एकदा, वाट पाहून राहिले ते. मी म्हटलं, रविवारी येते काकू, नक्की. आणि त्या रविवारी माझी सुट्टी असताना, कोणी मागितलेली नसताना, मी एका मैत्रिणीची ड्यूटी स्वतःहून घेतली. तिला वाटलं, सुमन किती चांगली.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी मी बोर्डावर होते. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे, दोन्ही हातांत वायरी. माझ्या नावाचा फोन आला, तो शेजारणीनं माझ्याकडे दिला. शांता किराणा दुकानातून बोलत होती. म्हणाली, ताई, मास्तर गेले. मी म्हटलं, “होल्ड करा.” माझा आवाज तोच होता, जो दिवसभर सगळ्यांना होल्ड करा म्हणतो. जबलपूरची लाइन आली होती ती जोडून दिली, अकोल्याच्या माणसाला वेळ संपल्याचं सांगितलं, आणि मग शांताला विचारलं, हं, किती वाजता? तिनं फोन ठेवून दिला होता.

घाटावर गेले. त्यांचा गळा मला ओळखू येईना, तेवढं आठवतं. मग लक्षात आलं, टेप नव्हता. अग्नी पुतण्यानं दिला. प्रभाकरला तार केली होती, तो तिसऱ्या दिवशी आला, तासभर खाली मान घालून बसला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. मी त्याला लांबून पाहिलं. तोही रडत नव्हता. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं, आणि असं वाटल्याचं वाईटही वाटलं नाही.

मैदानावर शोकसभा झाली. सगळ्यांत जुनी खेळाडू म्हणून मला बोलायला लावलं. मी स्वच्छ, स्पष्ट बोलले, आवाज कुठे अडखळला नाही. खोकल्याची गोष्ट सांगितली, शांता चार वेळा उठली ती. लोक हसले, मग रडले, शेजारच्या बायकांनी पदर तोंडात धरले. उमरेडचं मी सांगितलं नाही. बोलावण्यांचं तर नाहीच. बोलता बोलता माझं लक्ष पुढे बसलेल्या लहान मुलींकडे होतं. दोघी-तिघींची बसण्याची पद्धत चुकीची होती, टाच टेकलेली. भाषण संपल्यावर कोणीतरी माझा हात हातात घेतला आणि म्हणालं, मास्तर तुझ्यावर फार विसंबून होते. मी म्हटलं, हो ना.

महिनाभर तसाच गेला. संत्र्यांचा भर ओसरत आला होता, संक्रांतीचे तीळ भाजल्याचा वास गल्लीत यायला लागला होता. मुलगी शाळेतून येऊन काही सांगायची, मी हं हं करायचे आणि ती म्हणायची, आई, तू ऐकतच नाहीस. ड्यूटीवर मात्र एक चूक नाही. मला वाटायचं, एकदा काकूंसमोर बसावं, सांगून टाकावं की मी मुद्दाम आले नाही, मास्तरांनी शिव्या घातल्या असतील त्या तुम्ही मला सांगा. पण पाय उचलत नव्हता. मग एक दिवस काकूंचाच निरोप आला, दुपारी येऊन जा. त्या निरोपाला मी गेले.

काकू मशीनपाशी बसल्या होत्या. शेडमधलं मशीन आता घरात आणलेलं, वर जुनी चादर टाकलेली. चहा झाला. त्यांना मास्तरांच्या मापाच्या वह्या शांताला द्यायच्या होत्या, कोणती वही कोणत्या मुलींची ते मला ओळखू येईल म्हणून बोलावलं होतं. मी वह्या चाळल्या. माझं नाव तीन वह्यांत होतं, तीन मापांचं. मग मी पाठ करून आणलेलं बोलून टाकलं. म्हटलं, काकू, मास्तर मले काहून बोलावत होते ते मले माहीत होतं. टीम मी घ्यावी म्हणून. माझ्यानं ते होणार नव्हतं, म्हणून मी आली नाही. मुद्दाम नाही आली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरोखरच समजलं नाही मी काय म्हणते ते.

“टीम तं त्यायनं दसऱ्यालेच शांताले देऊन टाकली वं,” त्या म्हणाल्या. “तुले कुठी वेळ आहे, हे त्यायले का माहीत नव्हतं?”

मी विचारलं, मग कशासाठी?

“प्रभाकरले फोन लावायचा होता.”

त्या सावकाश सांगत गेल्या, हातानं चादरीची दशी वळत. दसऱ्याला भिलाईहून कोणी आलं होतं, त्याच्याकडून मास्तरांनी प्रभाकरच्या कारखान्यातल्या खात्याचा फोन नंबर घेतला होता. पोस्टातून फोन करायला ते दोनदा जाऊन परत आले. तिथं ओरडून बोलावं लागतं आणि रांगेतला सगळा मोहल्ला ऐकतो. शिवाय बापाचं नाव ऐकून पोरानं फोन आपटला तर? चार लोकांत काय तोंड राहील? मग त्यांच्या डोक्यात आलं, सुमन आहे की. ती दिवसभर हेच करते. ती हळूच विचारून घेईल, तुमच्या वडिलांशी बोलता काय म्हणून. तो नाही म्हणाला तर तिला एकटीलाच कळेल, आणि ती कोणाला सांगायची नाही. मी विचारलं, काय बोलणार होते ते त्याच्याशी? काकू म्हणाल्या, मले नाही सांगतलं. म्हणे, एकदा फोन लागला की सुचन.

वहीच्या शेवटच्या पानावर नंबर होता, मापं लिहितात तशा मोठ्या आकड्यांत. मी तो उतरून घेतला. काकूंनी तसं सांगितलं नव्हतं. घरी जाताना रस्त्यानं मला कोण भेटलं, मी काय बोलले, काही आठवत नाही. तीन मिनिटांचं काम होतं. मी रोज शंभर माणसांना त्यांच्या माणसांशी जोडून देत होते, आणि मास्तर माझ्याकडे तेवढंच मागत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या ड्यूटीत मी माझ्या नावानं भिलाईचा कॉल बुक केला. लाइन यायला पाऊण तास लागला. मग पलीकडे कोणीतरी प्रभाकरला हाक मारली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“हॅलो. कोण?”

“नागपूर ट्रंकवरून बोलते,” मी म्हटलं. “तुमच्या वडिलांचा कॉल आहे.”

तो म्हणाला, “बाई, माझे वडील वारले. महिना झाला.”

“हो. कॉल आधीचा आहे. माझ्याजवळ पेंडिंग राहिला.”

लाइनवर खरखर होती. मागे कुठलं तरी यंत्र चालू होतं. मला वाटलं, आता ठेवेल. त्यानं विचारलं, “सुमन काय?”

मी हो म्हटलं.

“काय सांगायचं होतं त्यायले?”

“मले माहीत नाही,” मी म्हटलं. “फोन लावून दे म्हणून तीनदा बोलावलं होतं मले. मी गेलीच नाही.”

तो म्हणाला, “मीही तं नाही आलो.”

त्यानंतर तो बोलला नाही आणि मीही बोलले नाही. पलीकडून श्वासाचा आवाज येत होता, मधेच नाक ओढल्याचा. तीन मिनिटं होऊन गेली. समोरचे दिवे मला एकाचे दोन दिसायला लागले, आणि माझ्या तोंडातून असा आवाज निघाला की शेजारची बाई हेडफोन काढून माझ्याकडे वळली. काय झालं वं, तिनं विचारलं, लाइन काप ना, किती वेळ झाला. मी मान हलवली. तिला म्हटलं, कॉल चालू आहे.